बांधावरच्या पाल्याचं मोल: शेवरी, हादगा, बाभळीचा चारा शेळ्या-मेंढ्यांना तपासून कसा द्यावा

ऊसतोड सुरू झाली की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या दारात येऊन पडतात. नव्यानं शेळ्या घेतलेल्या माणसाला वाटतं, चाऱ्याची चिंता मिटली. मलाही तसंच वाटलं होतं. सहा शेळ्या घेतल्या आणि पहिला अख्खा हंगाम वाढ्यांवर काढला. पोटं टम्म दिसायची, पण दूध आटत गेलं आणि करडं चार महिन्यांची झाली तरी अंगानं भरेनात. पेंड वाढवली तर खर्च झेपेना. शेवटी उत्तर सापडलं ते आमच्याच बांधावर. सासऱ्यांनी पानवेलीला आधार म्हणून लावलेली शेवरी मळा मोडल्यावरही तिथंच वाढत होती.

ती द्यायची किती, कधी आणि कशाच्या जोडीनं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

१. आधी झाडं ओळखा, आणि ‘देशी’ कुठलं ते जाणून घ्या

आपल्या भागात शेंगा येणारी, शेळ्या-मेंढ्या आवडीनं खातात अशी झाडं-झुडपं भरपूर आहेत. शेवरी आणि हादगा बांधावर. बाभूळ आणि हिवर शिरोळ-हातकणंगल्याच्या कोरड्या पट्ट्यात, माळावर आणि ओढ्याकाठी. पन्हाळा-शाहूवाडीकडं डोंगराच्या कडेला खैर आणि आपटा. दसऱ्याला आपण ज्याचं सोनं लुटतो तोच आपटा. पानमळ्याच्या कडेचा पांगारा. आणि तूर. तुरीला आपण पीक म्हणतो, पण तेही शेंगवर्गीय झुडूपच, आणि तिचा पाला शेळ्या चाटूनपुसून खातात.

सुबाभूळ आणि गिरीपुष्प मात्र देशी नव्हेत. दोन्ही मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, आपल्याकडं नंतर आलेली. चारा म्हणून दोन्ही चांगली आहेत, पण त्यांच्या खोडी वेगळ्या आहेत, त्या पुढं सांगते. वेड्या बाभळीचं तर आणखी वेगळं. तिचा पाला जनावरं सहसा तोंडात धरत नाहीत, शेंगा गोड म्हणून खातात, आणि न पचलेलं बी लेंड्यांतून सगळ्या रानात पेरून ठेवतात.

ओळखायला माणूस लागतो. मोबाइलवरच्या फोटोवर भरवसा ठेवू नका. माझ्या सासूबाईंचं माहेर राधानगरीकडचं, त्यांनी मला एकेक झाड हाताला धरून दाखवलं. तुमच्या घरात असं कोणी नसेल तर मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगर मामांना विचारा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या पंचक्रोशीत वाढलेल्या मेंढक्याला कुठलं झुडूप मेंढरू खातं आणि कुठलं सोडतं, हे तोंडपाठ असतं.

आणि ही चार झाडं पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की करा: कण्हेर, रुई, घाणेरी (हिला टणटणीही म्हणतात) आणि गुंज. ही भाऱ्यात चुकूनही येता कामा नयेत. यांतली गुंज शेंगवर्गीयच आहे, म्हणजे शेंग आली की चारा झाला असं समजू नका.

अभयारण्यात किंवा राखीव जंगलात फांदी तोडू नका. राधानगरी-दाजीपूरकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण नव्या माणसाला कळत नाही आणि मग वनखात्याचा गुन्हा अंगावर येतो. पाला घ्यायचा तो आपल्या बांधावरचा, किंवा ज्याचं रान आहे त्याला विचारून.

२. काय काय लागेल

कोयता, ताडपत्री, सुतळी, लटकता काटा (२५ किलोचा एक आणि ग्रॅम दाखवणारा घरातला एक), मोजपट्टी, कागदी पिशव्या, न पुसणारा मार्कर आणि एक वही.

प्रयोगशाळेत देण्यासाठी नमुन्यासोबत एक चिठ्ठी लागते. तिच्यावर झाडाचं नाव, गाव-तालुका, तोडल्याची तारीख, झाडाचा कोणता भाग, फुलोरा होता की नव्हता, आणि तुमचा फोन नंबर लिहा. सात-बाराची कोणी विचारणा केली नाही. चाऱ्याची तपासणी कुठं होते हे विचारायला कणेरीचं कृषी विज्ञान केंद्र, कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय किंवा तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, यांपैकी जे जवळ असेल तिथं जा. पिशवी घेऊन निघण्याआधी फोन करा. फी किती, नमुना किती ग्रॅम आणि कुठल्या तपासण्या होतात, हे तीन प्रश्न विचारून घ्या.

३. नमुना: इथंच निम्मे लोक चुकतात

मी पहिला नमुना हिरवागार तोडला, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, तोंड घट्ट बांधलं आणि शनिवारी दिला. सोमवारी पिशवी उघडली तेव्हा आत पाला काळा पडून बुरशी आली होती. पैसे गेले, आठवडा गेला. तुम्ही असं करा.

एकाच झाडाचा पाला घेऊ नका. बांधावरची आठ-दहा झाडं निवडा आणि प्रत्येकाची खालची, मधली, वरची अशी थोडी-थोडी फांदी घ्या. सगळं ताडपत्रीवर एकत्र कालवा, ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन बाजूला काढा. किलोभर उरेपर्यंत हे करत राहा.

शेळी जे खाते तेवढंच घ्या. पानं आणि पेन्सिलीएवढ्या जाडीपर्यंतची कोवळी काडी. फक्त शेंड्याची लुसलुशीत पानं खुडून दिलीत तर कागदावर प्रथिनं भरघोस दिसतील, पण गव्हाणीत तुम्ही टाकणार आहात तो जून फांद्यांचा भारा. काड्यांसकट जाड फांदी दिलीत तर आकडा उगाच पडेल.

मग वजन करा. एक किलो हिरवा पाला कागदावर पसरून सावलीत, हवेशीर जागी वाळवा. दिवसातून दोनदा वर-खाली करा. पान हातात चुरलं की कुरकुर आवाज येऊन मोडलं पाहिजे. पुन्हा वजन करा. आमच्या शेवरीचं पाऊसकाळ संपल्यावर १ किलोचं अडीचशे ग्रॅमच्या आसपास राहिलं. म्हणजे चारातले तीन भाग पाणी. ही एक गोष्ट वहीत लिहिलीत तरी पुढचा निम्मा हिशोब सोपा होतो.

उन्हात किंवा तव्यावर वाळवू नका. जास्त उष्णतेनं प्रथिनं तंतूंना आणि टॅनिनला (पाल्यातल्या तुरट घटकाला) चिकटतात. ती कागदावर दिसतात, पोटात सुटत नाहीत. माती झटकून घ्या, नाहीतर राखेचा आकडा फुगतो. वाळलेला पाला कागदी पिशवीत घाला, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक.

तपासणीत शुष्क पदार्थ (पाणी जाऊन उरतो तो भाग), कच्ची प्रथिनं, एनडीएफ आणि एडीएफ (ही तंतूंची मापं, अर्थ पुढं सांगते), राख, कॅल्शियम आणि फॉस्फरस मागा. टॅनिनची सोय असेल तर तीही करून घ्या.

४. रिपोर्ट हातात आला. आता तो वाचायचा कसा?

सगळ्यात आधी बघा, आकडे कशावर काढलेत. ‘जसा आहे तसा’ की ‘शुष्क वजनावर’? आमच्या बचत गटातल्या एका ताईंना कोणीतरी सांगितलं की शेवरीत साडेपाच टक्केच प्रथिनं आहेत, सरकी पेंडीत बावीस, मग कशाला पाला तोडत बसता? तो साडेपाच टक्के हिरव्या, पाण्यासकट शेवरीचा होता. पाणी काढलं तर चौपट, म्हणजे बावीस. पेंड आधीच कोरडी असते. दोन चाऱ्यांची तुलना नेहमी शुष्क वजनावरच करा.

शुष्क वजनावर साधारण असे आकडे येतात: शेवरीचा पाला २० ते २५ टक्के, हादगा त्याच्या बरोबरीचा किंवा थोडा वर, सुबाभूळ आणि गिरीपुष्पही २० ते २५, बाभळीचा पाला १२ ते १६. आणि आपण ज्यावर विसंबून असतो ते उसाचे वाढे ५ ते ६, ज्वारीचा कडबा ४ ते ५. चाऱ्यात प्रथिनं सातेक टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू उपाशी पडतात, तंतू फुटत नाहीत, आणि जनावर पोट भरलेलं असून खंगतं. माझ्या पहिल्या हंगामात नेमकं हेच चाललं होतं.

पण हा प्रथिनांचा आकडा येतो कसा, हे समजून घ्या. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. केल्डाल पद्धतीनं नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. पाल्यात नायट्रोजन असलेलं जे काही असेल ते सगळं त्या आकड्यात येतं. सुबाभळीतला मिमोसीन हा विषारी घटकही नायट्रोजन बाळगून असतो, तोही ‘प्रथिनं’ म्हणूनच धरला जातो. टॅनिननं घट्ट बांधलेली प्रथिनंही त्यातच. म्हणून याला कच्ची प्रथिनं म्हणतात. कागदावरचा आकडा आणि शेळीला प्रत्यक्ष मिळणारं, यांत अंतर असतं, आणि ते अंतर झाडागणिक बदलतं.

एनडीएफ म्हणजे एकूण तंतू. तो वाढला की जनावर कमी खातं. एडीएफ म्हणजे त्यातला पचायला अवघड भाग. पाला जून होईल तसे दोन्ही चढतात. कॅल्शियम-फॉस्फरस बघायला विसरू नका. शेंगवर्गीय पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस कमी असतो. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हणून वाढ्यांच्या जोडीला शेवरी ही आपल्या जिल्ह्यासाठी फार जुळलेली जोडी आहे. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. फॉस्फरससाठी मूठभर गव्हाचा कोंडा द्या आणि क्षार-मिश्रण चालू ठेवा.

५. तुरटपणा जिभेवर तपासा

टॅनिनची तपासणी सगळीकडं होत नाही. सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “पान चावून बघ पोरी. तुझं तोंड ओढलं तर शेळीचंबी ओढंल.” खाण्यातल्या, ओळखीच्या झाडाचंच पान चावायचं, हे सांगायला नको. शेवरी आणि तुरीचं पान जवळपास तुरट लागत नाही. बाभूळ, खैर, आपटा यांचं पान जीभ आवळून धरतं.

आणखी एक घरगुती खूण. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो. टॅनिन आणि लोह भेटले की असा काळा-निळा रंग येतो. दवाखान्यात मिळणारी लोहाची गोळी कुटून पाण्यात विरघळवा. पाला ठेचून दुसऱ्या पाण्यात तासभर भिजवा, गाळा आणि दोन्ही एकत्र करा. पाणी गडद काळं-निळं झालं तर टॅनिन बरंच आहे, फिकट राहिलं तर कमी. याचा आकडा निघत नाही, पण दोन पाल्यांत जास्त तुरट कुठला ते कळतं.

टॅनिन सरसकट वाईट नसतं. शुष्क वजनाच्या २ ते ४ टक्के टॅनिन असेल तर प्रथिनं कोटीपोटात लगेच न फुटता पुढं आतड्यात जाऊन पचतात, आणि पावसाळ्यात रक्त पिणाऱ्या जंतांनाही थोडा आळा बसतो. जंतांचं औषध मात्र त्यासाठी बंद करू नका. पाच-सहा टक्क्यांच्या वर गेलं की शेळी पाला तोंडातून सोडते आणि खाल्लेलंही नीट पचत नाही. मेंढीपेक्षा शेळी तुरट पाला जास्त सोसते. म्हणून बाभळीचा पाला शेळ्यांना, आणि मेंढ्यांना द्यायचाच तर शेवरी किंवा तुरीत मिसळून.

६. हिशोब

३० किलोची शेळी धरा. काटा नसेल तर मोजपट्टीनं वजन काढा: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. घेर २८, लांबी २५ असेल तर उत्तर येतं २९.७ किलो.

शेळी दिवसाला वजनाच्या साधारण ४ टक्के शुष्क चारा खाते, म्हणजे १ किलो २०० ग्रॅम. नुसते वाढे दिले तर ५ टक्क्यांच्या हिशोबानं प्रथिनं पडली ६० ग्रॅम. गाभण किंवा वाढत्या शेळीला हे काहीच नाही.

आता तिसरा हिस्सा शेवरी करा. ४०० ग्रॅम शुष्क शेवरी २२ टक्क्यांनी ८८ ग्रॅम प्रथिनं, आणि ८०० ग्रॅम शुष्क वाढे ४० ग्रॅम. एकूण १२८ ग्रॅम, म्हणजे १०.७ टक्के. हिरव्या वजनात ही शेवरी होते साधारण १ किलो ६०० ग्रॅम. दुभत्या शेळीला आणि झपाट्यानं वाढणाऱ्या करडांना १२ ते १४ टक्के लागतात, त्यांना पेंड पूर्ण बंद करू नका, कमी करा. सोबत मका-ज्वारीचा भरडा द्या. पाल्यातून प्रथिनं मिळतात, पण त्यांचं मांस-दूध व्हायला ताकदही लागते.

मर्यादा पाळा. सुबाभूळ एकूण शुष्क चाऱ्याच्या ३० टक्क्यांच्या पुढं नेऊ नका. कोवळ्या शेंड्यात आणि बियांत मिमोसीन सगळ्यात जास्त असतं. जास्त झालं की केस गळतात, लाळ गळते, गळ्याशी गाठ येते. आमच्या गल्लीतल्या एका घरी मेंढीला दीड महिना फक्त सुबाभूळ दिली होती. पाठीवर हात फिरवला की लोकर हातात यायची. हे विष पचवणारा जिवाणू आहे. हवाई बेटांवरच्या शेळ्यांच्या पोटातून तो घेऊन १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात गुरांना दिला गेला, सिनर्जिस्टेस जोनेसाय असं त्याचं नाव. भारतातल्या शेळ्यांतही असे जिवाणू सापडतात. पण तुमच्या जनावरात ते पुरेसे आहेत की नाहीत हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मर्यादेतच राहा.

७. सवय लावा

नवा पाला पहिल्या दिवशी मूठभर, मग रोज थोडा-थोडा वाढवत दहा ते चौदा दिवसांत पूर्ण मापावर. कोटीपोटातल्या जिवाणूंना बदलायला तेवढा वेळ लागतो. सकाळी रिकाम्या पोटी दवानं भिजलेला कोवळा पाला देऊ नका, आधी थोडा कडबा द्या. पावसाळ्यात पाला अर्धा दिवस सुकवा, नाहीतर लेंड्या पातळ होतात.

गिरीपुष्पाला उग्र वास येतो, ताजा पाला बऱ्याच शेळ्या हुंगून सोडतात. रात्रभर सुकवला की खातात. एकदा चव लागली की मग अडत नाही.

भारा जमिनीवर टाकू नका. शेळीच्या डोक्याच्या उंचीवर सुतळीनं टांगा. ती वरचं ओरबाडून खाणारी जात आहे. टांगलेल्या भाऱ्यातला पाला तुडवला जात नाही आणि लेंड्यांतून येणारे जंतही टळतात.

८. बांधावर शेवरी लावताना

पावसाच्या तोंडावर बी रात्रभर पाण्यात भिजवून दीड-दोन फुटांवर टोका. उसावर सावली पडू नये म्हणून शेताच्या उत्तरेकडचा बांध निवडा. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला.

पहिली तोड चार-पाच महिन्यांनी, जमिनीपासून अडीच-तीन फूट सोडून. नव्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथं होते. ते लसूणघासासारखी बुडापासून छाटतात आणि शेवरी मरते. माझी पहिल्या वर्षी अकरा झाडं अशीच गेली. दर तोडीला एक-दोन पालेदार फांद्या झाडावर राहू द्या, मग ती पुन्हा फुटते. पुढच्या तोडी सहा ते आठ आठवड्यांनी, फुलोरा येण्याआधी. तीन-चार वर्षांनी झाड थकतं, म्हणून दरवर्षी थोडं नवं बी टोकत राहा.

हादगा उंच वाढतो आणि सारखी छाटणी सोसत नाही. त्याच्या बाजूच्या फांद्याच घ्या. फुलं भाजीला काढायची असतील तर एक-दोन झाडं तशीच सोडा. गिरीपुष्प मात्र हातभर जाडजूड कांडी रोवली तरी येतं.

९. उन्हाळ्यासाठी साठवण

दिवाळीनंतरची तोड हातात जास्त येते. ती सावलीत वाळवा, ताडपत्रीवर काठीनं झोडपा, काड्या वेगळ्या करा आणि पानं तागाच्या पोत्यात भरा. पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा. ओलावा राहिला तर बुरशी धरते आणि बुरशीचा पाला गाभण शेळीला कधीही देऊ नका. हात आत घालून पोतं गरम लागलं तर लगेच उघडून पसरा.

उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पडतात. त्या गोळा करून वाळवा आणि भरडून द्या. अख्ख्या दिल्या तर बी तसंच बाहेर पडतं आणि बियांतली प्रथिनं वाया जातात.

वहीत पंधरा दिवसांतून एकदा सकाळी उपाशीपोटी घेतलेलं वजन, गव्हाणीत उरलेला पाला, लेंड्यांचा घट्टपणा आणि केसांची चमक, एवढं लिहा. माझ्या वहीत मागच्या मार्चची एक नोंद आहे: “तांबडी, वजन ३१, रोज वाळली शेवरी ४०० ग्रॅम, वाढे, कोंडा. पेंड निम्मी. दोन्ही करडं १० किलोच्या पुढं. गव्हाणीत फक्त काड्या.”